बी.कॉम. करता करता सीएची डायरेक्ट एन्ट्री: विषय, टक्के आणि तारखा

बारावीनंतर फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा न देता, पदवीच्या जोरावर थेट दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे सीए इंटरमिजिएटला बसता येतं, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण त्या पदवीत नेमकं काय असावं लागतं, याकडे टीवायचा निकाल हातात आल्यावर लक्ष जातं. तोवर विषय निवडून झालेले असतात, टक्के ठरून गेलेले असतात आणि नोंदणीची एक तारीखही हुकलेली असते. हा हिशोब एफवायलाच मांडून ठेवायचा असतो, म्हणून इथे तो त्याच क्रमाने दिला आहे.

नियम काय म्हणतो

इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजे आयसीएआय, तीन प्रकारच्या विद्यार्थ्यांना फाउंडेशनमधून सूट देते. पहिला प्रकार वाणिज्य शाखेचे पदवीधर किंवा पदव्युत्तर, ज्यांना एकूण किमान ५५ टक्के आहेत. दुसरा, इतर शाखांचे पदवीधर किंवा पदव्युत्तर, किमान ६० टक्केवाले. तिसरा, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट संस्थेची इंटरमिजिएट पातळीची परीक्षा पास झालेले. त्यांना टक्क्यांची अट नाही.

वाणिज्यवाल्यांच्या ५५ टक्क्यांना एक शेपूट जोडलेलं आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. संपूर्ण अभ्यासक्रमात मिळून प्रत्येकी १०० गुणांचे किमान तीन पेपर पुढच्या यादीतल्या विषयांचे असावे लागतात: अकाउंटिंग, ऑडिटिंग, मर्कंटाइल लॉ, कॉर्पोरेट लॉ, इकॉनॉमिक्स, मॅनेजमेंट (फायनान्शियल मॅनेजमेंट धरून), प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कर, कॉस्टिंग, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, मॅनेजमेंट अकाउंटिंग. पेपरचं नाव वेगळं असलं तरी विषय तोच असेल तर चालतो. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची हवी, मुक्त विद्यापीठाचीही चालते. त्यामुळे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं किंवा इग्नूचं बी.कॉम. या कामी कमी दर्जाचं ठरत नाही. एखाद्या नव्या खासगी विद्यापीठाचा दूरस्थ अभ्यासक्रम घेणार असाल, तर यूजीसीची मान्यता त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहा.

तीन पेपर आणि नवी क्रेडिट पद्धत

जुन्या बी.कॉम.मध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण अर्धी पदवीच त्या यादीतल्या विषयांची असायची. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना आली आणि चित्र जरा गुंतागुंतीचं झालं. आता एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. या क्रेडिटमध्ये मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याधारित कोर्स, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग असं सगळं वाटलेलं असतं.

चार क्रेडिटचा पेपर बहुधा १०० गुणांचा आणि दोन क्रेडिटचा ५० गुणांचा असतो. आयसीएआयची भाषा ‘प्रत्येकी १०० गुणांचे तीन पेपर’ अशी आहे. म्हणून ५० अधिक ५० जोडून १०० होतील अशा भरवशावर राहू नका. मेजर अकाउंटन्सी असेल तर चार क्रेडिटचे तीन पेपर दुसऱ्या वर्षापर्यंत सहज होतात. अडचण होते ती मेजर भलतंच घेऊन अकाउंटन्सी नुसती मायनर ठेवणाऱ्यांची. अशांनी सहा सेमिस्टरचा आराखडा कागदावर काढावा, चार क्रेडिटच्या पेपरांवर खुणा कराव्यात आणि त्यातले यादीत बसणारे मोजावेत. तीनच्या जागी पाच भरले तर निर्धास्त.

अकाउंटिंग अँड फायनान्स किंवा बँकिंग अँड इन्शुरन्सवाल्यांना पेपरांची चिंता नाही. बीएमएस, बीबीए करणाऱ्यांनी मात्र ६० टक्क्यांचंच लक्ष्य ठेवावं, म्हणजे आपण वाणिज्यात मोडतो की ‘इतर’मध्ये या वादात पडावंच लागत नाही. बी.ए. अर्थशास्त्र, बी.एस्सी., इंजिनिअरिंग यांना ६० आहेतच.

मेजर, मायनर निवडताना मायनर अर्थशास्त्र किंवा कायद्याशी संबंधित मिळालं तर घ्या. ओपन इलेक्टिव्ह मात्र बिनधास्त सोपा घ्यावा. त्याचे गुण एकूण बेरजेत येतात आणि टक्के वर उचलायला तेच उपयोगी पडतात.

चौथं ऑनर्स वर्ष सीएसाठी लागत नाही. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडलात तरी पात्रता पूर्ण होते.

टक्के कसे मोजायचे

जे विषय पास होणं बंधनकारक आहे त्या सगळ्यांचे गुण बेरजेत धरतात. ज्यात नुसतं पास व्हायचं असतं आणि जास्त गुणांना काही किंमत नसते, ते विषय वगळतात. अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असेल तर तो पुढच्या पूर्णांकात जातो. म्हणजे ५४.५० चे ५५ होतात, ५४.४९ चे होत नाहीत.

क्रेडिटला २५ गुण धरले तर १३२ क्रेडिटचे ३३०० गुण होतात. त्यातले १८१५ म्हणजे ५५ टक्के आणि १९८० म्हणजे ६० टक्के. एका सेमिस्टरचे ५५०, त्यातले ३०३ हवेत. हा आकडा भिंतीवर चिकटवून ठेवला तर दर सेमिस्टरला आपण किती मागे-पुढे आहोत ते कळतं. एफवाय फुकट घालवून टीवायला भरून काढू, असं म्हणणाऱ्यांनी एक बेरीज करून पाहावी: पहिल्या दोन सेमिस्टरला ४८ टक्के पडले, तर उरलेल्या चारही सेमिस्टरला सरासरी साडेअठ्ठावन्न लागतात. जमणारच नाही असं नाही, पण तेव्हा इंटरच्या अभ्यासाची सुरुवातही झालेली असायला हवी असते.

काही विद्यापीठांच्या मार्कशीटवर गुण नसतात, नुसता सीजीपीए असतो. त्याला अमुक एका संख्येने गुणून टक्के काढण्याची सूत्रं इकडेतिकडे फिरत असतात. ती विद्यापीठागणिक, कधी कधी बॅचगणिक बदलतात. आपल्याच विद्यापीठाचं किंवा महाविद्यालयाचं रूपांतराचं प्रमाणपत्र शिक्क्यानिशी घ्या. निकाल लागल्यावर कॉलेजच्या ऑफिसात त्यासाठी रांग लागते, तेव्हा अर्ज आधीच देऊन ठेवलेला बरा.

तारखांचं गणित, जिथे आठ महिने जातात

टीवायला असतानाच इंटरसाठी तात्पुरती नोंदणी करता येते. पदवी हातात यायची वाट पाहायची गरज नाही, आणि पाहूही नये.

इंटर देण्याआधी नोंदणीला आठ महिने पूर्ण झालेले असावे लागतात. सप्टेंबरच्या परीक्षेसाठी १ जानेवारीपर्यंत, जानेवारीच्या परीक्षेसाठी १ मेपर्यंत, मेच्या परीक्षेसाठी १ सप्टेंबरपर्यंत नोंदणी झालेली हवी.

समजा तुमचं सहावं सेमिस्टर एप्रिल २०२७ मध्ये संपतंय. पाचव्या सेमिस्टरची परीक्षा आटोपली की डिसेंबर २०२६ मध्येच तात्पुरती नोंदणी केली, तर सप्टेंबर २०२७ ला इंटर देता येते. आता तोच विद्यार्थी ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणाला आणि जुलै २०२७ मध्ये नोंदणी केली, तर त्याची पहिली संधी मे २०२८. अर्ज एकच, फीही तीच, फक्त आठ महिने गेले. आणि १ सप्टेंबरही चुकली तर सप्टेंबर २०२८, म्हणजे पूर्ण वर्ष.

तात्पुरत्या नोंदणीचं दुसरं टोक म्हणजे पदवी पास झाल्याचा पुरावा. तो ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर चढवला नाही, किंवा टक्के कमी पडले, तर नोंदणी रद्द होते आणि फी परत मिळत नाही. इंटरचे पेपर दोन ग्रुपमध्ये विभागलेले असतात, त्या दोन्ही ग्रुपची फी १८,००० रुपयांच्या घरात आहे, त्यामुळे केटी राहिलेल्यांनी नोंदणीआधी तो विषय सुटतोय का याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा. एका विषयाची केटी म्हणजे पदवी अपूर्ण. सरासरी ६५ टक्के असली तरी तिचा उपयोग नाही.

परीक्षेचा फॉर्म हा नोंदणीपासून वेगळा असतो. त्याची खिडकी परीक्षेच्या काही महिने आधी थोडेच दिवस उघडते. नोंदणी झाली म्हणजे परीक्षेला नाव लागलं, असं समजून बसणारे दर वेळी निघतात.

कागदपत्रं

नोंदणी आयसीएआयच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर होते. दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची मार्कशीट, पदवीच्या आतापर्यंतच्या सगळ्या मार्कशीट, शेवटच्या वर्षाला असल्याचं कॉलेजचं पत्र, फोटो, सही आणि लागू असल्यास जातीचा दाखला, एवढं स्कॅन करून ठेवा. साक्षांकन सीए सदस्य, राजपत्रित अधिकारी किंवा प्राचार्यांकडून करून घेता येतं.

महाराष्ट्रातली सर्वांत मोठी डोकेदुखी नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. आधारवर क्रम उलटा आणि आईचं नाव गायब. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरा आणि सगळीकडे तेच स्पेलिंग ठेवा. स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त असलं तरी अर्ज परत येतो. लग्नानंतर किंवा राजपत्रात नाव बदललं असेल तर तो पुरावा सुरुवातीलाच जोडा. अर्ज परत येऊन दुरुस्त होईपर्यंत १ जानेवारी उलटून गेली तर काय होतं, ते वर पाहिलंच.

फाउंडेशन की डायरेक्ट?

डायरेक्ट एन्ट्री हा शॉर्टकट आहे, असा एक समज आहे. दोन मैत्रिणी घ्या. दोघीही मार्च २०२७ ला बारावी. पहिलीने १ जानेवारी २०२७ च्या आत फाउंडेशनची नोंदणी केली (परीक्षेआधी नोंदणीला चार महिने व्हावे लागतात), मेमध्ये परीक्षा दिली, १ सप्टेंबरपूर्वी इंटरची नोंदणी केली, मे २०२८ ला इंटरचे दोन्ही ग्रुप दिले. सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तर २०२८ च्या उत्तरार्धात तिची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू आणि २०३० मध्ये संपते. दुसरी २०३० ला बी.कॉम. होऊन त्याच सप्टेंबरला पहिल्यांदा इंटर देते. तिची दोन वर्षांची आर्टिकलशिप तिथून पुढे.

म्हणून बारावीलाच सीए नक्की असेल तर फाउंडेशन द्यावी. चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के. दोन पेपर वस्तुनिष्ठ असतात आणि त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. डायरेक्ट एन्ट्री योग्य आहे ती ज्यांचा निर्णय कॉलेजात असताना झाला त्यांच्यासाठी, ज्यांना आधी पदवी हातात हवी त्यांच्यासाठी, आणि फाउंडेशन दोन-तीनदा अडलेल्यांसाठी.

पहिल्या मैत्रिणीचा त्रास वेगळा आहे. तिची आर्टिकलशिप एसवाय, टीवायला येते, म्हणजे ऑफिस आणि कॉलेज एकाच वेळी. आर्टिकलशिपबरोबर दुसरा अभ्यासक्रम करायचा तर प्रिन्सिपल सीए (ज्याच्या हाताखाली प्रशिक्षण चालू आहे तो) आणि संस्थेची परवानगी लागते, त्यासाठी फॉर्म ११२ असतो. कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेत येता कामा नये. मुंबई-पुण्यात सकाळी सातला भरणारी वाणिज्य महाविद्यालयं आहेत, ती अशांसाठी सोयीची. लहान गावात तशी सोय नसेल तर दूरस्थ बी.कॉम. सरळ. नव्या रचनेतलं ऑन जॉब ट्रेनिंग आर्टिकलशिपमध्येच धरतील का, हे प्रवेश घेतानाच कॉलेजला विचारा.

बी.कॉम.ने काय शिकवलं, काय नाही

इंटरला दोन ग्रुप, सहा पेपर. पहिल्यात ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग, कॉर्पोरेट अँड अदर लॉज, टॅक्सेशन. दुसऱ्यात कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटिंग, ऑडिटिंग अँड एथिक्स, फायनान्शियल व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ५० टक्के लागतात. प्रत्येक पेपरमध्ये ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांना, तेही परिस्थिती देऊन विचारलेले.

नावं बी.कॉम.सारखीच दिसतात, तिथेच फसगत होते. विद्यापीठाच्या अकाउंट्समध्ये ठरावीक नमुन्याचं गणित येतं आणि नमुना पाठ असला की गुण मिळतात. इंटरला त्याच व्यवहाराला कुठला अकाउंटिंग स्टँडर्ड लागतो, का लागतो, हे आधी लिहावं लागतं. आकडा बरोबर आणि कारण नाही, तर निम्मे गुण जातात. म्हणून डायरेक्ट एन्ट्रीवाल्यांनी पहिले तीन-चार आठवडे फाउंडेशनच्या अकाउंटिंग आणि बिझनेस लॉच्या अभ्यास साहित्यावरून हात फिरवावा, ते संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. विशेषतः १८७२ चा करार कायदा. तो इंटरच्या अभ्यासक्रमात वेगळा नाही, पण कंपनी कायद्याच्या उत्तरांत पावलोपावली गृहीत धरलेला असतो.

करांची जुनी पुस्तकं जपून वापरा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘असेसमेंट इयर’ जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं आहे. आपल्या अटेम्प्टला कुठल्या तरतुदी लागू आहेत ते संस्था जाहीर करते. सीनियरच्या नोट्स घेण्याआधी ते वाचा.

आणि भाषा. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मराठी माध्यमातून बी.कॉम. करता येतं आणि त्याने पात्रतेत काही कमी होत नाही, पण पहिल्यांदा इंग्रजीत तीन तासांचा कायद्याचा पेपर लिहायची वेळ थेट इंटरच्या हॉलमध्ये येऊ देऊ नका. एसवायपासून आठवड्याला कायद्याची दोन उत्तरं इंग्रजीत लिहायची: तरतूद, वस्तुस्थिती, निष्कर्ष, असे तीन छोटे परिच्छेद. व्याकरण साधं असलं तरी चालतं, कायद्यातले शब्द जसेच्या तसे हवेत.

इंटरनंतर

१ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाल्यावरच सुरू होते. डायरेक्ट एन्ट्रीवाल्यांना पूर्वी इंटरच्या आधी आर्टिकलशिप सुरू करता यायची, ती सोय आता नाही. जुन्या माहितीवर विसंबून टीवायनंतर फर्म शोधत फिरणारे अजूनही दिसतात.

आर्टिकलशिपआधी चार आठवड्यांचं आयसीआयटीएसएस प्रशिक्षण लागतं, दोन आठवडे आयटीचे आणि दोन ओरिएंटेशनचे. निकाल लागला की मोठ्या शहरांत बॅच भरतात, त्यामुळे परीक्षा झाल्यावर निकालाची वाट न पाहता ते उरकावं. पुण्यात जागा नसली तर कोल्हापूर, सांगली, नाशिक, गोव्याच्या शाखा पाहा. फर्ममध्ये रुजू झाल्यावर आर्टिकलशिपच्या नोंदणीचा फॉर्म १०३ तीस दिवसांत गेला पाहिजे. वर्षाला रजा १२. जास्त घेतल्या तर तेवढे दिवस प्रशिक्षण लांबतं. फायनल, म्हणजे सीएची शेवटची परीक्षा, प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी देता येते, आणि त्याआधी चार ऑनलाइन सेल्फ-पेस्ड मॉड्यूल पास व्हावी लागतात, प्रत्येकी ५० टक्क्यांनी.

टक्के कमी पडले तर

५२-५३ टक्क्यांवर बी.कॉम. झालेल्यांना एम.कॉम. सुचवलं जातं. एम.कॉम.ला ५५ मिळाले तर दार उघडतं, खरं आहे. पण निव्वळ सीएसाठी दोन वर्षं एम.कॉम. करण्यापेक्षा चार महिन्यांत फाउंडेशन देणं केव्हाही बरं, शिवाय पायाही पक्का होतो. कॉस्ट अकाउंटन्सीत रस असेल तर तिसरा रस्ता आहे: पदवीधराला तिथे थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो आणि ती पास झाली की सीए फाउंडेशनची सूट मिळते, बी.कॉम.चे टक्के कितीही असोत.

परदेशी पात्रतांकडे पाहताना

अमेरिकेच्या सीपीए या तिथल्या सीएसारख्या पात्रतेसाठी बहुतेक राज्यांनी वर्षानुवर्षं १५० क्रेडिट मागितली आहेत आणि आपलं एक वर्ष साधारण ३० धरलं जातं. म्हणजे तीन वर्षांचं बी.कॉम. ९० च्या आसपास, एम.कॉम. जोडलं की १५०. ऑनर्सचं चौथं वर्ष कामाला येतं ते इथे. आता काही राज्यं १५० ऐवजी पदवी आणि जादा अनुभव असा पर्यायही देऊ लागली आहेत, त्यामुळे आधी राज्य ठरवा, मग त्या राज्याला चालणाऱ्या संस्थेकडून गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्या. ब्रिटनच्या एसीसीएत १३ पेपर असतात आणि बी.कॉम. किंवा सीए इंटरवर त्यातल्या काहींची सूट मिळते. दोन्हींची किंमत नोकरीत आहे. भारतातल्या कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही मात्र २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र असलेला आयसीएआयचा सदस्यच करू शकतो.